शरदातील प्रस्थान आणि जिंतूरच्या डोंगरवाटा

प्रवासाचा इतिहास म्हणून आपण जे वाचतो तो बहुधा पोचलेल्या माणसांचा इतिहास असतो. कोण कोठे गेला, तेथे त्याने काय पाहिले आणि परत येऊन काय लिहिले, ह्याची नोंद सापडते. परंतु निघण्यापूर्वी त्याने कोणता महिना निवडला, ओझे किती घेतले, पाणी कोठे मिळेल ह्याची चौकशी कोणाकडे केली, आणि ज्यांच्या शिवारातून जावयाचे त्यांस आधी निरोप धाडला की नाही, ह्या गोष्टी बखरकार व प्रवासी दोघेही सहसा गाळतात. वास्तविक प्रवासाचे यशापयश पुष्कळ अंशी ह्याच गोष्टींवर ठरलेले असते. प्रस्तुत लेखात ह्या दुर्लक्षित बाजूकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, आणि त्यासाठी अगदी साधे, आजचे एक निमित्त घेतो.

परभणी शहरातील आमच्या परिचयाच्या दहाबारा तरुण मंडळींनी कोजागिरीनंतरच्या एका शनिवार-रविवारी जिंतूरच्या डोंगरांतून सायकलींवर हिंडण्याचा बेत केला आहे. त्यांच्या सायकली आमच्या पिढीने वापरल्या त्या जातीच्या नव्हेत. रुंद व खोल खाचांचे टायर, पुढच्या चिमट्यात धक्के जिरविणारी योजना, चढासाठी हलके गिअर आणि चाकाच्या मध्याशी बसविलेले तबकडीचे ब्रेक, अशी ही डोंगरी सायकल आहे. शहरातील मुले तिला माउंटन बाइक म्हणतात. मंडळींनी बेताचा कागद आम्हांस दाखविला. पंप कोणाकडे, पंक्चरचे सामान कोणाकडे, औषधांची पेटी कोणी घ्यावयाची, धपाटे व शेंगदाण्याची चटणी कोणाच्या घरून यावयाची, तंबू कोणाचे, सर्व रकाने नीट भरलेले होते. हल्लीच्या तरुणांस शिस्त नाही असे म्हणणाऱ्यांनी तो कागद अवश्य पाहावा. मात्र त्यात एक रकाना नव्हता, आणि तो कोणता हे सांगण्यासाठीच पुढील इतिहास आम्ही मांडीत आहो.

प्रथम भूमीविषयी. परभणी म्हटले की सपाट काळी जमीन, कापूस, ज्वारी आणि अलीकडे सोयाबीन हेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, आणि ते खोटे नाही. राज्यातील ज्या जिल्ह्यांत वनाचे प्रमाण अत्यंत अल्प आहे त्यांत ह्या जिल्ह्याची गणना होते. तथापि उत्तरेकडे जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगेचे फाटे शिरले आहेत आणि दक्षिणेस गंगाखेडच्या बाजूला बालाघाटाच्या टेकड्या आहेत. परभणीहून जिंतूर ४०-४५ किलोमीटर. गावालगत नेमगिरी व चंद्रगिरी ह्या टेकड्या असून नेमगिरीच्या पोटात जैन लेणी आहेत. त्यांच्या ठेंगण्या दारांतून वाकूनच आत जावे लागते. तेथील पार्श्वनाथाची भव्य मूर्ती एका लहानशा दगडावर तोललेली असल्याचे सांगतात. पश्चिमेस चारठाणा येथे यादवकालीन मंदिरांचे अवशेष व एक उंच कोरीव स्तंभ आहे. ईशान्येस येलदरी येथे पूर्णा नदीवर १९६८ साली पुरे झालेले मोठे धरण आहे. ही पूर्णा वऱ्हाडातील पूर्णेहून निराळी. ती तापीस मिळते, ही गोदावरीस. ह्या स्थळांच्या आसपास माळरानाचे, पळस-सीताफळीचे आणि विरळ जंगलाचे पट्टे आहेत. त्यांतून गुराख्यांच्या, लाकूडफाटा आणणाऱ्या बायांच्या व तांड्यांवरील माणसांच्या पाऊलवाटा गेलेल्या आहेत. आमच्या तरुण मित्रांस ज्या वाटा हव्या आहेत त्या ह्याच.

आता ऋतूविषयी. डोंगरी वाटेवर जावयाचे तर शरद ऋतूच का, ह्याचे उत्तर काळ्या मातीत आहे. दख्खनचा काळा कातळ झिजून जी माती झाली तिच्यात चिकण अंशाचे प्रमाण फार मोठे असते. हा अंश पाणी पिऊन फुगतो आणि उन्हाने आकसतो. म्हणून उन्हाळ्यात शेताला हात घालावा एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात तीच माती बैलाच्या खुराला, माणसाच्या वहाणेला व गाडीच्या धावेला असा लेप चढविते की पाऊल उचलवत नाही. सायकलीची तर फारच दैना होते. टायर व चिमटा ह्यांमधील बोटभर फट चिखलाने भरली की चाक फिरेनासे होते, आणि माणसाने सायकलीवर बसण्याऐवजी सायकल माणसाच्या खांद्यावर बसते. डोंगरावर मात्र मातीचा थर पातळ, खाली मुरूम. तेथून पाणी लवकर निथळते. म्हणजे पाऊस उघडल्यावर डोंगरवाट दोनतीन दिवसांत चालती होते, पण तिच्यापर्यंत नेणारी शिवारातील गाडवाट आठवडाभर रुसून बसते. पंचांगातील शरद आणि मातीतील शरद हे एकाच दिवशी येतील असा भरवसा नाही. २०१९ साली ऑक्टोबरअखेर परतीच्या पावसाने मराठवाड्यातील काढणीला आलेले व काढून ठेवलेले सोयाबीन भिजले, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. तेव्हा बेताचा दिवस कोजागिरीवरून धरावा, पण पक्का करावा तो जिंतूरकडच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारून.

हा विचार नवा नाही. कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूच्या दिग्विजयाचे प्रस्थान शरदातच घातले आहे, आणि त्याचे कारणही कवीने स्वच्छ दिले आहे: नद्या उतारास येतात व वाटांवरचा चिखल वाळतो. राजाच्या पराक्रमाआधी ऋतूनेच त्याला निघण्याची प्रेरणा दिली असे कवी सुचवितो. महाकाव्यातील हे निरीक्षण मराठ्यांच्या राज्यात व्यवहार होऊन बसले. दसऱ्याचे सीमोल्लंघन आज आपट्याच्या पानांपुरते उरले असले तरी त्या काळी ते खरोखरीचे प्रस्थान होते. छावणीत पावसाळा काढलेली फौज दसऱ्यानंतर मोहिमेस निघे. हैदराबाद संस्थानात सरकारी कारभार ज्या फसली सनाने चाले त्या सनाचे वर्षही आझूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. ह्या प्रदेशात शरद ही केवळ कवींची ऋतू नव्हती. शिपाई, व्यापारी आणि कारकून ह्या तिघांचेही वर्ष तेथूनच हलू लागे.

शरदातील प्रस्थानाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण ह्याच मुलखाच्या शेजारी घडले. १७२७ च्या पावसाळ्यानंतर पहिला बाजीराव निजामाविरुद्ध बाहेर पडला तेव्हा जालना व सिंदखेड, मग माहूर, मंगरूळ, वाशीम, आणि तेथून खानदेश व गुजरात अशी त्याची झेप होती. आजच्या परभणी जिल्ह्याच्या उत्तरेकडील डोंगराळ टापूच्या अंगाअंगाने हा प्रवास झाला. त्याच्याजवळ जड तोफखाना नव्हता, बुणग्यांचा भार नव्हता. स्वार, घोडे आणि वाटेवर मिळेल ते अन्न. निजामाची फौज तोफांनी भारी आणि म्हणूनच सावकाश होती. १७२८ च्या फेब्रुवारीत पालखेडजवळ ती अशा जागी अडकली की पाणी तोडले जाताच तिला तह करावा लागला, आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. युद्धाचे वर्णन करणे हा आमचा हेतू नाही. पण ओझे कमी असणाऱ्यास वाट निवडता येते, ओझे अधिक असणाऱ्याची वाट ओझेच निवडते, आणि पाण्याची जागा ज्याला ठाऊक नाही त्याच्याजवळ दुसरे काहीही असले तरी ते कामास येत नाही, एवढे तीन धडे दहा सायकलस्वारांसही लागू पडतात. मित्रांच्या यादीत सहा तंबू होते. आम्ही त्यांतील चार काढावयास सुचविले.

परंतु फौजा वर्षातून एकदा येत आणि जात. डोंगरवाटा ज्यांनी खरोखर घडविल्या ते लोक निराळे. मालगाडी व रेल्वे ह्यांच्या आधी दख्खनमधील धान्य आणि मीठ वाहिले ते वंजारी व लमाण तांड्यांनी, बैलांच्या पाठीवरून. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये ह्याने दहाबारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहिले आहे; असा तांडा अरुंद वाटेवर समोरून आला तर तो निघून जाईपर्यंत दोनतीन दिवस थांबावे लागे असेही तो म्हणतो. फौजांची रसद ह्याच लोकांच्या भरवशावर असे. गाडीला रस्ता लागतो, बैलाला वाट पुरते. म्हणून हे तांडे घाटांतून, माळांवरून व जंगलांतून गेले. त्यांचा मुक्काम दिवसाच्या अंतराने ठरत नसे, तर चारा आणि पाणी कोठे आहे ह्याने ठरे. बैल चरत चरत चालत, आणि थकलेल्या बैलाच्या चालीने सारा तांडा चाले. पावसाळ्यात उंच, गवताळ जागी मुक्काम करावा आणि शरदात पुन्हा हलावे असा त्यांचा क्रम होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-औरंगाबाद-परभणी-हैदराबाद ही गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली, आणि बैलांच्या पाठीवरील ह्या व्यापारास येथे शेवटचा धक्का बसला. तांडे स्थिर झाले. जिंतूर तालुक्यातील डोंगरांच्या कुशीत आज जे तांडे दिसतात ती एका मोठ्या चालत्या समाजाची थांबलेली मुक्कामाची ठिकाणे होत.

ह्या वाटांना आणखीही एक इतिहास आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, आणि जिंतूरच्या उत्तरेचे डोंगर दोन राज्यांच्या सीमेवर आले. अलीकडे मोगलाई, पलीकडे इंग्रजी अंमल. हमरस्त्यावर करोडगिरीचा नाका असे. डोंगरातील पाऊलवाटेवर नसे. सोयरीक, बाजार, जत्रा आणि चोरटा व्यापार ह्या साऱ्यांना त्या वाटा ठाऊक होत्या. १९४७-४८ साली संस्थानातील स्वातंत्र्यलढा पेटला तेव्हा हद्दीपलीकडे लढ्याची शिबिरे उभी राहिली, आणि सरहद्दीवरील अशा आडवाटांना एकाएकी मोल आले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. सीमा पुसली आणि तिच्याबरोबर त्या वाटांचे महत्त्वही पुसले. आता त्या फक्त गुराख्यांच्या उरल्या आहेत, आणि ज्या उतारावर गुरे चरावयास जाणे थांबले तेथे कुसळी गवत व काटेरी झुडपे त्यांस हळूहळू गिळीत आहेत.

आता वाहनाकडे वळू. सायकलीचा जन्मच मुळी खडबडीत वाटेवर झाला आहे. १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल ड्राइस ह्याने पायांनी जमीन ढकलून चालवावयाची लाकडी दुचाकी बाहेर काढली. १८६० नंतर तिला पॅडल लाभले, १८८५ साली इंग्लंडात स्टार्ली ह्याने सारख्या चाकांची व मागच्या चाकास साखळी जोडलेली रोव्हर सायकल काढली, आणि १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर सिद्ध केला. मग रस्ते सुधारत गेले तशी सायकल नाजूक व वेगवान होत गेली, आणि डोंगर तिच्या हातचा गेला.

तरी तिला रानात नेण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेत १८९७ सालीच झाला. लेफ्टनंट जेम्स मॉस ह्याच्या हाताखाली २५ व्या पायदळ पलटणीचे वीस कृष्णवर्णी शिपाई मोंटाना प्रांतातील मिझूला येथून १४ जूनला सायकलींवर निघाले आणि सुमारे १,९०० मैल तोडून २४ जुलैला सेंट लुईस येथे पोचले. त्यांच्या हकीकतीत आमच्या वाचकांस ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट आहे. मोंटानातील चिकण मातीस तेथे गंबो म्हणतात. पाऊस पडला की ती चाकांना अशी चिकटे की शिपायांस सायकली उचलून रेल्वेच्या रुळांवरून, फळ्यांचे धक्के खात जावे लागे. पुढे नेब्रास्काच्या वाळूत खारट पाण्याने माणसे आजारी पडली. माती व पाणी ह्या दोहोंनी त्या पलटणीस जितके छळले तितके डोंगरांनी छळले नाही. शिपाई कसलेले होते आणि शिधा ठिकठिकाणी आधी पोचविलेला होता. तो बेत नसता तर पलटण पोचती ना.

आपल्याकडील उदाहरण मुंबईचे आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेस निघाले. आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगारा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी परत आले. बाकीचे निरनिराळ्या टप्प्यांवर थांबले. सुमारे ४४,००० मैलांचा हा प्रवास होता, आणि त्याचा वृत्तान्त १९३१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांनी निघावयास निवडलेला महिना वाचकांच्या लक्षात आला असेलच. पाऊस सरल्यावर, थंडीच्या तोंडाशी, अंगात बळ व वाटेत कोरड असताना प्रस्थान ठेवावे, हा दख्खनी फौजांचा हिशेब मुंबईच्या तरुणांनीही सोडला नव्हता. सहांपैकी तिघे पुरे करतात ही गोष्टही मोठ्या मंडळींनी बेत करणाऱ्या मुलांस सांगण्यासारखी आहे. अर्ध्या वाटेवरून परतणारा हा अपयशी नव्हे. त्याच्या परतण्याची सोय बेतातच असावी लागते.

आज ज्या सायकलीस आपण डोंगरी म्हणतो तिचा आणि तिच्या सामुदायिक सहलींचा आरंभ १९७६ च्या शरदात झाला म्हटले तरी चालेल. कोलोरॅडो प्रांतातील क्रेस्टेड ब्यूट हे खाणकामगारांचे जुने गाव. शेजारच्या ॲस्पेन ह्या धनिकांच्या गावाहून काही मोटारसायकलस्वार पर्ल पास नावाची सुमारे १२,७०० फूट उंचीची खिंड ओलांडून आले आणि त्याचा त्यांनी तोरा मिरविला, असे सांगतात. त्याला उत्तर म्हणून त्या वर्षीच्या सप्टेंबरात क्रेस्टेड ब्यूटची मंडळी जुन्या, जड, एकाच गिअरच्या सायकली घेऊन त्याच खिंडीने ॲस्पेनकडे निघाली. अंतर सुमारे ४० मैल, मध्ये एक रात्र उघड्यावर मुक्काम. पुष्कळ चढ त्यांस सायकली ढकलीतच चढावा लागला. पुढे ही वार्षिक सहल झाली, आणि १९७८ साली कॅलिफोर्नियातील सायकलवेडे आपल्या सुधारलेल्या सायकली घेऊन तीत सामील झाले.

ह्या कॅलिफोर्नियाकरांची कथाही त्याच ऋतूतील आहे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी मॅरिन परगण्यात त्यांनी एका डोंगरउतारावर शर्यत लावली. दोन मैलांच्या आत १,३०० फूट उतार. तेथे ते तीसचाळीस वर्षांपूर्वीच्या रुंद टायरांच्या मोडक्या सायकली वापरीत. त्यांचे ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असत, आणि एका उतारातच आतील ग्रीस तापून धूर होऊन जाई. दर खेपेस ते पुन्हा भरावे लागे, म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरणी, असे पडले. १९७७ साली जो ब्रीझ ह्याने खास डोंगरासाठी नवा सांगाडा बांधला, १९७९ साली गॅरी फिशर व चार्ली केली ह्यांनी अशा सायकली विकण्याचा धंदा काढला, आणि १९९६ साली ॲटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत ह्या खेळास स्थान मिळाले. वीस वर्षांत भंगारातून ऑलिंपिकपर्यंत झालेली ही चढण कोणत्याही खेळास भूषणावह आहे.

पण ह्या यशाच्या पोटात एक फजिती आहे, आणि आमच्या मित्रांच्या कागदातील न्यून तेथेच उघड होते. ज्या मॅरिनमध्ये हा खेळ वाढला तेथील पुष्कळशा अरुंद वाटा पुढील दशकात सायकलींस बंद झाल्या. त्या वाटांवर पायी हिंडणारे होते, घोड्यांवरून जाणारे होते, वनांची राखण करणारे होते. वळणावर अकस्मात अंगावर येणारी चाके त्यांस नकोशी झाली. वाट मोकळी दिसते म्हणजे ती कोणाची नाही, हा सायकलस्वारांचा समज त्यांच्या अंगाशी आला. अखेर १९८८ साली कॅलिफोर्नियातील मंडळांनी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापून वाटेवरील वर्तनाचे नियम प्रसृत केले: पायी चालणाऱ्यास आधी वाट द्यावी, जनावरास बिचकवू नये, ओल्या वाटेवर चाकांचे चर पाडू नयेत, बंद वाटेने जाऊ नये. हे सर्व नियम आमच्याकडील कोणीही धनगर पाच मिनिटांत सांगू शकला असता. परंतु त्याला विचारावयास हवे होते.

आमच्या मित्रांच्या कागदावर नव्हता तो रकाना हाच: ‘वाट कोणाची, आणि त्यास विचारले का?’ जिंतूरच्या डोंगरात ह्या प्रश्नाची उत्तरे तीन आहेत. पहिले सरकारी. १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे राखीव वनात मनास येईल तसे शिरता येत नाही. म्हणून वनखात्याच्या स्थानिक कचेरीत अर्ज करून, माणसांची संख्या व मार्ग लिहून द्यावा. दुसरे उत्तर गावाचे. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने व पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविलेला असतो. तो नकाशा तलाठ्याकडे पाहावयास मिळतो, आणि मोबाइलवरील नकाशात जी वाट दिसत नाही ती पुष्कळदा तेथे दिसते. जेथे रेषा नाही तेथे बांध आहे, आणि बांधावरून जावयाचे तर शेतकऱ्याची परवानगी पाहिजे. ऑक्टोबरात सोयाबीनच्या गंजी लागलेल्या असतात, रब्बी ज्वारीची पेर चाललेली किंवा नुकतीच उरकलेली असते. नुकत्या उगवलेल्या तासांवरून दहा सायकली गेल्या तर त्या घराने त्यांस सहल का म्हणावे?

तिसरे उत्तर तांड्याचे आहे, आणि ते सर्वांत अवघड आहे. आम्ही वर म्हटले की लमाण तांडे स्थिर झाले. ते पुरते खरे नाही. दसरा-दिवाळी झाली की गंगाखेड, पालम, जिंतूर ह्या भागांतील पुष्कळ कुटुंबे उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो; लहान मुले, भांडीकुंडी, कधी शेळी, सर्व ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढते आणि गाळपाचा हंगाम संपेपर्यंत परत येत नाही. म्हणजे शरदातील प्रस्थानाची परंपरा ह्या डोंगरांत अजून मोडलेली नाही. रघूची गेली, पेशव्यांची गेली, बैलांच्या तांड्यांची गेली, पण पोटासाठी निघणाऱ्यांची राहिली. ज्या आठवड्यात शहरातील तरुण दोन दिवस मोकळ्या हवेसाठी डोंगरात येणार, त्याच्या आगेमागे डोंगरातील तरुण सहा महिन्यांसाठी बाहेर पडणार. एकाच वाटेवर हे दोघे समोरासमोर येण्याचा संभव आहे.

ह्यावरून सहल करू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. उलट अशी सहल व्हावी, आणि परभणी, सेलू, मानवत येथील शाळा-कॉलेजांतील मुलांनी आपला जिल्हा सायकलीवरून पाहावा असेच आम्हांस वाटते. मोटारीच्या काचेतून डोंगर दिसतो, वाट दिसत नाही. पण सहलीचा बेत वाटेच्या इतिहासास शोभेल असा असावा. आमच्या सूचना थोड्या आहेत. कोजागिरीनंतर सलग पाच-सहा दिवस ऊन पडले तरच निघावे. उजेड साडेअकरा तासांचाच असतो. म्हणून पहाटे निघून दुपारच्या उन्हात सावलीला थांबावे आणि सूर्य मावळण्याआधी तासभर मुक्कामी पोचावे. दर माणशी पाण्याचा हिशेब मुक्कामावरून करावा, अंतरावरून नव्हे. बाभळीचे काटे व सराटे ह्या वाटांवर उदंड. तेव्हा प्रत्येकाजवळ एक जादा ट्यूब असावी आणि पंक्चर काढणे प्रत्येकास यावे. सर्वांत सावकाश चालविणाऱ्यास पुढे ठेवावे व सर्वांत तरबेज माणसाने शेवटी राहावे. दिंडीत म्हाताऱ्या वारकऱ्याची चाल सांभाळून पंढरी गाठण्याची आपली रीत आहे, ती येथेही चालेल. वाटेवर माणूस किंवा गुरे दिसली की पाय खाली टेकून उभे राहावे.

आणि निघण्यापूर्वी आठ दिवस दोघांनी, सायकल न घेता, एसटीने जाऊन यावे. वनखात्याचा कागद हाती घ्यावा, सरपंचास व तांड्याच्या नायकास भेटावे, मुक्कामाची जागा त्यांनाच निवडू द्यावी, आणि रात्रीचे जेवण तांड्यावरील एखाद्या घरी ठरवून त्याचे पैसे आधी द्यावे. तरुण सारे ऊसतोडीस गेले असतील तर घरी म्हातारी माणसे असतील. वाट कोठून सुरू होऊन कोठे जाते, पूर्वी तिच्यावरून काय वाहिले गेले, आणि पलीकडच्या मुलखाला कोणत्या खिंडीतून उतरत, हे सांगणारी तीच शेवटची माणसे आहेत. सहलीतील एकाने वही न्यावी आणि ते सांगतील ते उतरून घ्यावे. नकाशावर ज्यांची रेषा नाही अशा वाटांचा इतिहास आता फक्त त्यांच्यापाशी आहे, आणि तो विचारावयास फारशी वर्षे उरलेली नाहीत.

आमच्या मित्रांनी कागदावर तो रकाना घातला आहे, आणि येत्या सोमवारी त्यांतील दोघे जिंतूरची एसटी धरणार आहेत.